मी वर विचारून सांगतो

सगळ्या खात्यांना एका टेबलाशी बसवलं की गावाचे प्रश्न सुटतात, अशी इंग्लंडमध्ये २००० च्या आसपास एक श्रद्धा होती. श्रद्धेला कारणही होतं. पोलीस, सोशल वर्कर, घरभाडं वसूल करणारा माणूस, शाळा बुडवणाऱ्या पोरांच्या मागावरचा अधिकारी असे सगळे एकाच गल्लीतली तीच चार दारं ठोठावायचे आणि एकमेकांना ओळखतही नसायचे. जानेवारी २००१ मध्ये टोनी ब्लेअर यांच्या सरकारने मागास वस्त्यांसाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केलं. येत्या दहा ते वीस वर्षांत केवळ राहतो त्या जागेमुळे कोणाचं फार नुकसान होऊ नये, असं त्यात म्हटलं होतं. सगळ्यांत मागास ८८ कौन्सिलांना, म्हणजे तिथल्या नगरपालिकांना, त्यासाठी जादा निधी मिळणार होता. अट एकच, आधी 'लोकल स्ट्रॅटेजिक पार्टनरशिप' उभी करा. कौन्सिल, पोलीस, आरोग्य, अग्निशमन दल, कॉलेज, व्यापारी, स्वयंसेवी संस्था, सगळे एका मंडळावर. नाव एवढं लांबलचक की सगळे नुसतं 'एलएसपी' म्हणायचे.

त्या ८८ पैकी एका गावात मी या मंडळावर स्वयंसेवी संस्थांची प्रतिनिधी होते. गाव उत्तरेकडचं, कापडगिरण्या बंद पडलेलं. नाव सांगत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे. मराठी माणसं तिथे बोटांवर मोजण्याइतकी. मी काम करायचे ते गुजराती आणि पंजाबी आजींच्या दुपारच्या जेवणाच्या क्लबात. चर्चच्या हॉलमध्ये आठवड्यातून काही दिवस खिचडी-कढी, थोडा व्यायाम, बरंचसं भजन आणि त्याहून जास्त सुनांची उणीदुणी. गावातल्या छोट्या संस्थांचं एक जाळं सरकारी पैशातून बांधलं होतं. त्यांच्यात मंडळासाठी नाव सुचवायची वेळ आली तेव्हा सकाळी दहाच्या बैठकीला जायला मोकळी कोण, या निकषावर माझी निवड झाली. लोकशाही म्हणा हवं तर.

साताऱ्याला नानांना फोनवर हे सांगितलं. नाना जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, उभा जन्म विषयपत्रिका आणि इतिवृत्तात गेलेला. त्यांनी अभिनंदन वगैरे काही केलं नाही. विचारलं, "अध्यक्ष कोण?" म्हटलं, कौन्सिलचे नेते. "पैसे कोणाच्या नावावर?" म्हटलं, तेही कौन्सिलच्याच. "मग बाकीचे कशाला येतात?"

मी जरा तोऱ्यातच सांगितलं की नाना, ही तुमच्याकडची समन्वय समिती नाही, इथे भागीदारी आहे. पण त्यांच्या प्रश्नाने नेमकी दुखरी जागा पकडली होती. एलएसपीला कायद्याने स्वतंत्र अस्तित्व नव्हतं. तिला बँकेत खातं उघडता येत नव्हतं, माणूस नेमता येत नव्हता, करार करता येत नव्हता. पैसे घ्यायचे, हिशेब द्यायचा आणि गडबड झाली तर उत्तर द्यायचं ते कौन्सिलने. मंडळाने काहीही ठरवलं तरी ते अमलात आणायचं की नाही, हे प्रत्येक खातं आपल्या घरी जाऊन ठरवणार. पोलिसांचा अधिकारी त्याच्या वरिष्ठांना बांधील, दवाखान्यांचे पैसे ज्या प्रायमरी केअर ट्रस्टकडे ती लंडनच्या आरोग्य खात्याला बांधील, कॉलेजची तर तऱ्हाच वेगळी. टेबलाला बांधील कोणीच नाही.

त्यामुळे बैठकीत सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य होतं, 'मी वर विचारून सांगतो.' मोठे साहेब पहिल्या दोन बैठकांना आले, फोटो झाले. मग त्यांचे उपसाहेब येऊ लागले, मग उपसाहेबांच्या हाताखालची एक हुशार, बिचारी मुलगी. तिला बोलायला मुभा होती, हो म्हणायला नव्हती. कागद मात्र भरपूर. बैठकीच्या पाच दिवस आधी दारातून जाड पाकीट पडायचं. या पाच दिवसांत मी गावातल्या सगळ्या संस्थांशी बोलून त्यांचं मत आणावं अशी अपेक्षा. कौन्सिलच्या माणसाच्या मागे अख्खं धोरण खातं. माझ्यामागे एक अर्धवेळ क्लार्क आणि क्लबातला फोटोकॉपियर, तोही ए-फोरलाच अडकणारा. विषयपत्रिकेवर वस्तीतल्या लोकांचे प्रश्न कुठे? शेवटी, आयत्या वेळच्या विषयांत. तोवर पोलीस साहेबांची पुढची मीटिंग सुरू झालेली असायची.

अंगतपंगत म्हणून बोलवावं आणि सगळ्यांनी रिकामं ताट घेऊन यावं, असा एकूण प्रकार होता. डबा फक्त कौन्सिलकडे, आणि तोही सरकारने भरून दिलेला.

मग आढावा आला. आढावा दरवर्षीच असे. सरकारचं प्रादेशिक कार्यालय प्रत्येक एलएसपीला सिग्नलचे रंग द्यायचं. हिरवा, हिरव्याकडे झुकणारा पिवळा, लालकडे झुकणारा पिवळा आणि लाल. आम्हाला एका वर्षी लालकडे झुकणारा मिळाला आणि धावपळ उडाली. कन्सल्टंट आले. शिष्ट नव्हते, चांगले होते बिचारे. प्रश्नावली वाटली, त्यात प्रत्येक विधानाला एक ते पाच गुण द्यायचे. 'भागीदारांचा एकमेकांवर विश्वास आहे.' 'आमचं ध्येय सर्वांना समजलेलं आहे.' एका हॉटेलच्या सभागृहात दिवसभराची कार्यशाळा झाली, भिंतीवर पिवळे चिठोरे चिकटवले, दुपारी सँडविच खाल्ले. विश्वासाला भरघोस गुण पडले. का नाही पडणार? एकमेकांकडून काही मागायचंच नसेल तर विश्वास ठेवायला जातंय काय!

अहवालातून निघालं ते असं: उपसमित्या फार आहेत, त्या कमी करा. कार्यकारी गट वेगळा काढा. कार्यकक्षेचा मसुदा नव्याने लिहा. एक आकृती होती, चौकोन आणि बाणांची. जुन्या आकृतीत बाण खालून वर जात होते, नवीत दोन्हीकडे टोकं होती. यातलं काहीच चूक नव्हतं. पण 'या टेबलामुळे गेल्या वर्षी तुमच्या स्वतःच्या बजेटात काय बदललं?' हा प्रश्न चाळीस पानांत कुठेही नव्हता.

तो प्रश्न मला सुचला तो पडणाऱ्या आजींमुळे. पासष्टीच्या पुढची साधारण तीस टक्के माणसं वर्षातून एकदा तरी पडतात, ऐंशीच्या पुढे निम्मी. आमच्या क्लबात याला आकडेवारी लागायचीच नाही. एखादी बा, म्हणजे गुजराती आजी, दोन आठवडे दिसली नाही की खुब्याचं हाड मोडलंय हे न विचारता कळायचं. आरोग्य खात्याने मार्च २००१ मध्ये वृद्धांसाठी जे राष्ट्रीय मानक काढलं, त्यात पडण्यावर एक अख्खं प्रकरण होतं, आणि ते आमच्या मंडळाच्या आराखड्यातही शोभून दिसत होतं. काम मात्र हलत नव्हतं. कारण साधं होतं. जिन्याला कठडा बसवायचा खर्च कौन्सिलच्या सोशल केअरचा, म्हणजे वृद्धांची देखभाल बघणाऱ्या खात्याचा, आणि आजी पडली नाही तर वाचणारे पैसे दवाखान्याचे. कौन्सिलने म्हणावं, आम्ही का खर्च करायचा? दवाखान्याने म्हणावं, कठडे बसवणं आमचं काम नाही.

त्यात जानेवारी २००४ पासून एक गंमत सुरू झाली. आजी बरी झाली पण घरची सोय न झाल्याने खाट अडवून राहिली, तर दवाखान्याने कौन्सिलकडून दिवसाला १०० पौंड वसूल करायचे, लंडन आणि आग्नेय भागात १२०. कायद्यानेच तशी सोय केली होती. म्हणजे टेबलाच्या एका बाजूला बसलेला माणूस दुसऱ्या बाजूच्या माणसाला बिल पाठवतोय आणि दोघे मिळून 'आमचं सामायिक स्वप्न' या शीर्षकाखाली सह्या करतायत. बरं, त्याच कायद्याने १००० पौंडांच्या आतल्या घरातल्या छोट्या दुरुस्त्या मोफत करून द्यायचं बंधनही कौन्सिलवर घातलं होतं. कठडा त्यात आरामात बसत होता. फक्त कोणाच्या घरी तो लागणार आहे, हे कौन्सिलला आजी पडल्यावर कळायचं.

आधी कळू शकेल असा माणूस टेबलाशी होता आणि त्याच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. अग्निशमन दलाचा अधिकारी. आगी कमी झाल्या होत्या, आणि २००४ च्या नव्या कायद्याने आग लागूच नये म्हणून लोकांना सावध करणं हे दलाचं बंधनकारक काम झालं होतं. त्यांचे जवान घरोघर जाऊन फुकट स्मोक अलार्म बसवायचे. पोलिसाला दारातून आत न घेणारी, सोशल वर्कर म्हटलं की 'मुलं मला होममध्ये टाकायला निघालीत' म्हणून घाबरणारी म्हातारी माणसं फायरमनला चहा पाजायची.

एका बांच्या घरी अलार्म बसवायला ते आले तेव्हा दुभाषी म्हणून मी होते. दोन खोल्या वर, दोन खाली असं गिरणी कामगारांचं जुनं घर. जिना इतका अरुंद आणि उभा की मीसुद्धा भिंतीला हात लावून चढले. कठडा नाही. वरच्या पायरीशी गालिच्याची कड उसवलेली, त्यावर बांनी प्रेमाने अंथरलेली गोधडी. मागच्या दाराला दोन पायऱ्या, त्या शेवाळलेल्या, आणि तिथेच त्यांची तुळस, कारण ऊन तेवढंच येतं. बा पायात मुलाच्या जुन्या सपाता घालून पुढे फटक-फटक चालत होत्या. फायरमनने शिडी लावली, छताला अलार्म बसवला, बटण दाबून आवाज ऐकवला. बांनी कानावर हात ठेवले. मग खाली उतरताना त्याने गालिच्याची ती कड बुटाने दाबून पाहिली आणि मला म्हणाला, आगीपेक्षा यांना हा जिना आधी मारेल. मी विचारलं, हे कुठे लिहिता येईल? त्याने फॉर्म दाखवला. सिगारेट, हीटर, तळणाची कढई, जादा प्लग, सगळ्याला चौकट होती. जिन्याला नव्हती.

पुढच्या बैठकीनंतर मी अग्निशमनवाल्यांची आणि प्रायमरी केअर ट्रस्टच्या 'फॉल्स नर्स'ची गाठ घालून दिली. तिचं कामच मुळी पडणाऱ्यांचं होतं. दोघे एका इमारतीत महिन्याला येत होते, पण वेगवेगळ्या उपसमित्यांवर. काही आठवड्यांत फॉर्मवर तीन नवे प्रश्न आले: गेल्या वर्षात पडलात का, जिन्याला कठडा आहे का, नर्सला कळवलं तर चालेल का. शेवटच्या प्रश्नाखाली सहीची जागा. ती सही महत्त्वाची होती, कारण उलट्या दिशेने, म्हणजे कोण वारंवार पडतं हे रुग्णवाहिकेकडून घ्यायचं म्हटलं, की १९९८ चा माहिती संरक्षण कायदा आडवा यायचा. निदान वकील तरी तसं सांगायचे.

इथवर आलं की बहुतेक जण म्हणतात, बघा, खरं काम बैठकीत होतच नाही, ते व्हरांड्यात होतं. मला हे पटत नाही. एक तर बैठक नसती तर ते दोघे त्या व्हरांड्यात आलेच नसते. आणि व्हरांडा सगळ्यांना सारखा मोकळा नसतो. कौन्सिलचे नेते आणि पोलीस साहेब शनिवारी गोल्फ खेळतात, तोही व्हरांडाच. तिथे मला जागा नाही, बांना तर नाहीच. टेबलावर निदान माझ्या नावाची पाटी होती आणि मी बोलले ते इतिवृत्तात यायचं. माहिती देवाणघेवाणीचा करारही शेवटी टेबलानेच सोडवला. वकिलांमध्ये तो महिनोन्महिने फिरत होता. अध्यक्षांनी भर बैठकीत एकेकाला नाव घेऊन विचारलं की तुमच्याकडे कोणाच्या टेबलावर आहे आणि किती तारखेला सही होईल, तेव्हा तो हलला. 'मी वर विचारून सांगतो' म्हणायची त्या दिवशी कोणाची छाती झाली नाही.

खरी परीक्षा ऑक्टोबर २००६ मध्ये झाली. देशभरातल्या ३०३ प्रायमरी केअर ट्रस्टांच्या विलीनीकरणाने १५२ केल्या. आमची शेजारच्या दोन गावांच्या ट्रस्टमध्ये गेली. नर्सचं पद 'पुनर्रचनेत' गेलं आणि अग्निशमनचे अधिकारीही त्याच सुमारास बदलून गेले. त्यांच्या ओळखीवर चालणारी कामं एका महिन्यात बंद पडली. नर्स फोन करायची तेव्हा दुसऱ्या दिवशी जवान घरी जायचा. आता फोन कोणी उचलतच नव्हतं. पण फॉर्मवरचे तीन प्रश्न राहिले. छापलेला फॉर्म होता, जवान तो भरत होते, भरलेले कागद कुठेतरी जमा होत होते आणि जमा होतात म्हणून नव्या ट्रस्टमध्ये कोणाला तरी ते उघडावे लागले. आणि राहिली ती कठड्यांसाठीची तरतूद. ती आरोग्य आणि कौन्सिल यांच्या एकत्र बजेटात घातली होती. १९९९ च्या आरोग्य कायद्याच्या कलम ३१ खाली असं दोघांचं पैशाचं एक खातं करता येत होतं. तिथे वाचलं कोणाचं आणि गेलं कोणाचं हा वाद उरलाच नाही.

याचा अर्थ मी तरी असा घेतला की टेबलाने काम करायचं म्हणजे माणसांमध्ये जे जमून आलंय ते फॉर्ममध्ये, नोकरीच्या वर्णनात आणि बजेटाच्या ओळीत उतरवायचं, माणसं बदलून जायच्या आत. आढावा घ्यायचा तो याचा. दुसऱ्या आढाव्याच्या वेळी मी हे मांडलं. विश्वासाची प्रश्नावली काढून प्रत्येक खात्याने आपलं मागचं आणि यंदाचं बजेट शेजारी शेजारी ठेवावं आणि मंडळामुळे बदललेली ओळ अधोरेखित करावी, असं सुचवलं. पोलिसांनी दोन ओळी दाखवल्या. कॉलेजने एक. आरोग्याने सांगितलं की त्यांची अंदाजपत्रकं गुंतागुंतीची असतात. सभागृहात हसू पसरलं, पण पहिल्यांदाच सगळ्यांना कळलं की कोण ताट घेऊन येतंय आणि कोण डबा.

आणखी एक सुधारणा झाली, किरकोळ वाटेल अशी. वस्तीतले प्रश्न विषयपत्रिकेवर शेवटच्या जागेवरून पहिल्या क्रमांकावर आले आणि बैठक दर वेळी टाऊन हॉलऐवजी वेगवेगळ्या वस्तीत भरू लागली. एकदा आमच्या क्लबातही भरली. बांनी सगळ्यांना ढोकळा दिला आणि पोलीस साहेबांना विचारलं की बस स्टॉपच्या दिव्याचं काय झालं. साहेबांनी कौन्सिलकडे बघितलं. कौन्सिलने डायरी काढली. दिवा लागायला पुढेही वेळ लागला, पण डायरी निघाली हे मी डोळ्यांनी पाहिलं.

पुढचा भाग भराभर सांगते, कारण तो तसाच घडला. २००७ पर्यंत सगळीकडे 'लोकल एरिया अ‍ॅग्रीमेंट' आली. सरकारने १९८ राष्ट्रीय निर्देशांक काढले आणि त्यांतले जास्तीत जास्त ३५ निवडून स्थानिक मंडळाने सरकारशी करार करायचा. त्यातला चौथा निर्देशांक मला मनापासून आवडायचा: आपल्या भागातल्या निर्णयांवर आपला प्रभाव पडतो असं वाटणाऱ्यांचं प्रमाण. २००८ च्या पाहणीत संपूर्ण इंग्लंडचं उत्तर साधारण २९ टक्के आलं. म्हणजे लोकांशी भागीदारी करायला उभ्या केलेल्या मंडळांच्या देशात दहातल्या सात जणांना तसं वाटत नव्हतं. मग बैठकींचा सगळा वेळ निर्देशांकांचे आलेख बघण्यात जाऊ लागला. २०१० मध्ये सरकार बदललं, ऑक्टोबरात ते करार रद्द झाले, आढावे घेणारं ऑडिट कमिशनही २०१५ मध्ये बंद झालं आणि त्याच वर्षी सामुदायिक आराखडा करायची कायदेशीर सक्तीही गेली. काही गावांनी मंडळं स्वखुशीने चालू ठेवली. आमचं एका बैठकीनंतर परत भरलंच नाही. शेवटचं इतिवृत्त कायम करायचं राहिलंय. नानांना हे कळतं तर फार चुकचुकले असते.

वेल्सने मात्र उलटी दिशा धरली. २०१५ च्या कायद्याने तिथे प्रत्येक कौन्सिलच्या हद्दीत 'पब्लिक सर्व्हिसेस बोर्ड' आलं. कौन्सिल, आरोग्य मंडळ, अग्निशमन दल आणि नैसर्गिक संसाधन संस्था हे चार सदस्य कायद्यानेच ठरलेले, आणि चारही हजर नसतील तर गणपूर्ती होत नाही. मी हे वाचलं तेव्हा टाळ्या वाजवल्या. नंतर वाटलं, हजेरीची सक्ती करता येते, डब्याची कशी करणार? आणि आमच्यासारख्यांना तिथे 'निमंत्रित' म्हणून बोलावतात. म्हणजे मी आले नाही तरी बैठक भरते. आमच्या जुन्या मंडळाला कायद्याचा आधार नव्हता, पण कागदोपत्री तरी माझी खुर्ची पोलीस साहेबांच्या खुर्चीएवढीच होती. कोणतं बरं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

इंग्लंडमध्ये आता पुन्हा तीच श्रद्धा नव्या नावांनी आली आहे. २०१२ च्या कायद्याने आरोग्य आणि कल्याण मंडळं आली, २०२२ च्या कायद्याने आरोग्य आणि सोशल केअरच्या एकात्मिक भागीदाऱ्या. मध्यंतरी त्यांतल्या एका गटाच्या तरुण अधिकाऱ्याने आढाव्यासाठी मला मुलाखत मागितली. मुलगा चुणचुणीत होता, जुन्या गोष्टी कान देऊन ऐकत होता. शेवटी त्याने प्रश्नावली पुढे केली. पहिलंच विधान होतं, 'भागीदारांचा एकमेकांवर विश्वास आहे.' मी त्याला म्हटलं, ही राहू दे, भागीदारांची दोन वर्षांची बजेटं मागव, आणि त्यांच्या घरोघर जाणाऱ्या माणसांच्या हातातले कोरे फॉर्मही. फॉर्म त्याच आठवड्यात मिळाले म्हणे. बजेटांचं विचारलं तर म्हणाला, वर विचारलंय.